काटा हललाच नाही

मित्रांनो, भंगारखोलीच्या फळीवर, गंजलेल्या पान्यांच्या शेजारी एक काळी पेटी धूळ खात पडली आहे. ती पेटी म्हणजे मी, एक जुना इन्सुलेशन टेस्टर.

माझे काम साधे होते. ट्रान्सफॉर्मरला माझ्या तारा जोडायच्या आणि माझी मूठ गरगर फिरवायची. आतल्या तारांवरचे वेष्टन कोरडे, धड असले की माझा काटा भराभर वर चढे. ओल असली की तो शून्यापाशीच लोळत राही.

ट्रान्सफॉर्मरच्या आमच्या कारखान्यातल्या तपासनीसकाकांनी मला पोटच्या पोरासारखे सांभाळले. हात पुसल्याशिवाय ते मला शिवत नसत. "याला भीड नाही नि मुर्वत नाही," असे ते चारचौघांत म्हणत, तेव्हा मी फुगून जाई.

एकदा पाणीउपसा केंद्रासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर घाईघाईने तपासणीला आला. काकांनी मूठ फिरवली. काटा हलेना. तारा पुसून पुन्हा फिरवली. तेच!

"साहेब, आत ओल राहिलीय. परत भट्टीत सुकवावा लागेल."

"काका, गाडी दारात उभी आहे."

"राहू दे उभी. माझा शिक्का नाही मिळायचा."

"बरं, नका देऊ. उद्यापासून तुम्ही गोदामात बसा."

शिक्का दुसऱ्याने मारला. त्या केंद्रावर काकांचा धाकटा भाऊच यंत्रचालक होता. माझ्या शेजारी उभे राहूनच काकांनी त्याला फोन लावला. "त्या नव्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळपास फिरकू नकोस रे!"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "दादा, अरे माझी खुर्चीच त्याच्या शेजारी आहे. जाऊ कुठे?"

पुढच्याच महिन्यात ट्रान्सफॉर्मर फुटला. उकळते तेल उडाले. धाकट्याला घरी आणले ते चादरीत गुंडाळूनच.

चौकशीला अधिकारी आले. साहेबांनी मला टेबलावर ठेवले. "जुनं यंत्र हो. आत ओल असून यानेच कोरडं दाखवलं."

"खोटं आहे!" काका पुढे सरसावले. "याने बरोबर दाखवलं होतं. मूठ मीच फिरवली होती."

"पुरावा काय?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मित्रांनो, कोणी मूठ फिरवल्याशिवाय माझा काटा हलत नाही. आणि तिथे ती कोणीच फिरवली नाही.

माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली गेली. काकांनी नोकरी सोडली. जाताना त्यांनी माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि ते निघून गेले. तपासणीच्या खोलीत आता आकडे दाखवणारे नवे यंत्र आहे. साहेब तेच आहेत. भिंतीपलीकडे गाड्या भरल्याचा आवाज येतो, तेव्हा वाटते, आज आणखी एखादा ओला ट्रान्सफॉर्मर तर निघाला नसेल?

मित्रांनो, यंत्रांची निगा जरूर राखा, पण नुसते पुसून-झाकून ती राखली जात नाही. आमच्यापैकी कोणी 'नाही' म्हटले, तर ते 'नाही' ऐकून घ्या. कोणी ऐकेल, अशी आशा मला उरलेली नाही. तरीही सांगतो.