चपला घालून जाणारे अप्पा

बद्रीनाथ फौजेत होते, तेव्हा रजा संपल्यावर ते घरातून बूट घालून कधी निघाले नाहीत. आदल्या दिवशी, पोरगी शाळेत गेली की त्यांची काळी ट्रंक आणि बूट जीपमधून कन्नडला जायचे. स्टँडसमोर नूरमोहम्मदचं सायकलचं दुकान होतं, तिथं ते सामान राहायचं. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ साध्या कपड्यांत, पायात चपला घालून निघायचे. जाताना लेकीला, प्रेरणाला सांगायचे, "जिलेबी घेऊन येतो." दुकानात बूट चढवून ते एसटी धरायचे. चपला पुढच्या रजेपर्यंत तिथंच राहायच्या. जिलेबीचा पुडा मात्र संध्याकाळच्या जीपनं गावात पोचायचा.

पोरगी रडू नये, एवढंच त्यांच्या मनात असायचं. गावातले बाकीचे फौजी निघाले की लेकरं पायाला मिठी मारायची आणि बाया तोंडाला पदर लावायच्या. बद्रीनाथांना ते बघवत नसे. रजेवर असताना ते प्रेरणाच्या वेण्या घालायचे, तिचे पाढे घ्यायचे, तिला खांद्यावर बसवून मळ्यात न्यायचे. निरोपाचा तेवढा एक क्षण त्यांनी शिताफीनं चुकवला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटायचा.

आता फौज सुटून बरीच वर्षं झाली होती. ते पत्नी चतुराबाईंबरोबर शहरात, बजाजनगरात राहत होते. प्रेरणाची पोलिसात निवड झाली होती आणि प्रशिक्षणासाठी तिला नाशिकला जायचं होतं. जावई इंद्रजीत कंपनीत पाळीवर, म्हणून त्यांची पाच वर्षांची लेक तनुजा आजी-आजोबांकडं राहणार होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी प्रेरणा बॅग भरत होती आणि तनुजा शेजारी बसून तिचे मोजे आत कोंबत होती. बद्रीनाथांना ते पटेना. तनुजा पाणी प्यायला आत गेली, तशी त्यांनी आपली योजना सांगितली. बॅग आजच शेजाऱ्यांकडं ठेवायची. उद्या ते नातीला बागेत नेतील, तेवढ्यात प्रेरणानं निघायचं. लेकराला कळायचंसुद्धा नाही.

प्रेरणाचे हात थांबले.

"अप्पा, तुमच्या जिलेबीचं काय व्हायचं, ठाऊक आहे?"

त्यांनी चतुराबाईंकडं पाहिलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खायची नाय ती. अप्पा आल्यावर खाऊ म्हणायची, न् दारात बसायची. मुंग्या लागल्या की मी टाकून द्यायचे."

"मला कधी बोलली नाय तू."

"सांगून काय करणार होते तुम्ही? तिकडं बर्फात उगंच जिवाला घोर."

प्रेरणा हसली, पण हसू ओठांपुरतंच होतं. "दारातले बूट गेले न् तुम्ही चपला घातल्या, की मला कळायचं, आता अप्पा येत नाहीत. म्हणून एकदा चपला ज्वारीच्या कणगीत लपवल्या."

बद्रीनाथांना ती सकाळ आठवली. चपला कुत्र्यानं नेल्या असं समजून ते बायकोच्या चपला घालून कन्नडला गेले होते. नूरमोहम्मद पोट धरून हसला होता. "हवालदारसाहब, भाभी की चप्पल? पलटन में क्या इज्जत रहेगी?" त्यांनीही तो किस्सा पुढं किती जणांना रंगवून सांगितला होता. घरातल्या कणगीआड एक पोरगी उभी होती, हे त्यात कधीच आलं नव्हतं.

"तिला मी सांगणार आहे," प्रेरणा म्हणाली. "रडंल. रडू द्या. तुम्ही फक्त धरून ठेवा तिला."

दुसऱ्या दिवशी नाशिकची गाडी फलाटावरून मागं निघाली, तेव्हा तनुजानं सगळा स्टँड डोक्यावर घेतला. बद्रीनाथांनी तिला कडेवर घट्ट धरलं होतं. तिनं त्यांना लाथा मारल्या, खांद्याला चावली. खिडकीतून प्रेरणाचा हात दिसत होता, मग तोही दिसेना. बाकावर टेकून ते नुसते तिची पाठ चोळत राहिले. त्यांच्या सदऱ्याचा खांदा भिजला. हळूहळू हुंदके विरळ झाले.

"आबा, आई कधी येणार?"

"दिवाळीला."

"खरं?"

"खरं." लेकराला असं खरं उत्तर देताना आपला आवाज कसा लागतो, हे त्यांना या वयात कळत होतं.

बाहेरच्या गाड्यावर तिनं जिलेबी मागितली. पाक कोपरापर्यंत ओघळत होता, तरी तिचं निवांत खाणं चाललं होतं. बद्रीनाथ तिच्या तोंडाकडं बघत राहिले. इतक्या वेळा जिलेबी पाठवली, पण आपल्या लेकीला ती खाताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात प्रेरणाचा फोन आला.

"रडली का?"

"लई."

"आता?"

"आता जिलेबी खाती."

ते गाड्यापासून दोन पावलं बाजूला झाले.

"प्रेरणा," ते म्हणाले, "त्या वेळी मी..."

"अप्पा, कंडक्टर आला. तिकीट काढते. ठेवू?"

"ठेव, बाळा."

फोन खिशात ठेवून त्यांनी रुमाल नळाखाली ओला केला आणि नातीचे हात एकेक बोट करून पुसू लागले.