शेवग्यावरची शीळ

हरिहररावांनी आपल्या बायकोला उभ्या जन्मात कधी रस्त्यावरून नावाने हाक मारली नाही. घरातसुद्धा 'अगं' आणि 'ऐकलंस का' एवढ्यावरच त्यांचा संसार पार पडला. मग डोंबिवलीच्या भर गल्लीत उभं राहून 'सुमती' म्हणून ओरडायचं म्हणजे काय! पण माणूस पक्का चहाबाज. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात दिवसभर पत्रे कापणाऱ्या यंत्रांपाशी उभं राहून सुपरवायझरकी करायची आणि संध्याकाळी घरी जिने चढून चपला काढेपर्यंत चहा समोर हवा. तेव्हा त्यांनी एक तोड काढली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी आले की ते शीळ घालायचे. तीन सूर खालचे, भरदार, आणि चौथा किंचित वर उचललेला, 'ठेवलंस का?' असं विचारल्यासारखा. ती ऐकली की दुसऱ्या मजल्यावर सुमतीबाई आधण ठेवायच्या.

शीळ अशी गोड, पण बोलण्याचं विचारू नका. यंत्रांच्या धडधडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे कान अधू झालेले, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही अशी समजूत. जेवताना 'मीठ वाढ' म्हणाले की शेजारचे श्रीपादराव मिठाची बरणी घेऊन येतील की काय असं वाटायचं. "ओरडू नका हो, मी इथेच आहे," हे वाक्य सुमतीबाईंनी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. कारखान्यातून फोन करायचे तेव्हा तर कहर. चालू मशीनच्या आवाजावर मात करायला ते असे काही ताणून बोलायचे, की त्यांचा मूळचा भारदस्त आवाज चिरका होऊन जायचा आणि वाक्यांचे नुसते तुकडे पडायचे. लग्नानंतर पहिल्यांदा असा फोन आला, तेव्हा सुमतीबाईंनी "राँग नंबर" म्हणून सरळ ठेवून दिला होता. त्यावरून घरात पुढे कितीतरी वर्षं चेष्टा चालली.

निवृत्तीनंतर हरिहरराव संध्याकाळी फिरून यायचे, पण शीळ तीच आणि जागाही तीच. सोसायटीच्या कुंपणापाशी एक शेवगा आहे. त्याच्या शेंड्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला एक काळा-पांढरा पक्षी येऊन बसायचा, शेपटी ताठ वर करून गायचा. शेजारचा स्वानंद, म्हणजे श्रीपादरावांचा मुलगा, कॅमेरा गळ्यात अडकवून खाडीवर हिंडणारा. त्याने सांगितलं, हा दयाळ, नकला करण्यात पटाईत. त्या पटाईताने एका वर्षी हरिहररावांची शीळच उचलली. झालं! सुमतीबाई आधण ठेवायच्या, चहा उकळून उकळून काळा व्हायचा आणि नवऱ्याचा पत्ता नाही. हरिहरराव आले की त्यांच्यावर डाफरायच्या. ते हसून म्हणायचे, "माझा शागीर्द आहे तो!" तेही एवढ्या मोठ्याने, की शागीर्द उडून जायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत हरिहरराव गेले. थंडी सरली, शेवग्याला फुलं आली, आणि एका संध्याकाळी सुमतीबाई देवापाशी दिवा लावत असताना बाहेरून शीळ आली. तीन खालचे, एक वर. काडी तशीच हातात धरून त्या उभ्या राहिल्या, बोट भाजलं तेव्हा भानावर आल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधण ठेवलं.

तो सगळा उन्हाळा त्यांनी तसा काढला. शीळ आली की चहा. हे वेडेपण आहे हे त्यांना कळत होतं, म्हणून तर त्यांनी मुलीलाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? की तुझे बाबा शेवग्यावरून चहा मागतात म्हणून? पण खरं सांगायचं तर त्या शिळेवर त्या जगल्या. फोटो होते, शर्ट होते, चष्मा होता, पण त्यातलं काहीच 'ठेवलंस का?' असं विचारत नव्हतं.

पुढच्या वर्षी शेजारची इमारत पाडायला घेतली. आधी हातोडे आले, मग ते फोडणारं यंत्र आलं, मग जमिनीत खांब ठोकणारं. सकाळी जे सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. कपाटातल्या काचेच्या बशा आपसात बोलायला लागल्या. शेवगा फुलला, पण शीळ काही आली नाही. सुमतीबाई गॅलरीत जीव कानात गोळा करून बसायच्या आणि डोकं दुखलं की आत यायच्या.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, शिळेच्या जागी एक भलतंच पाखरू आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर बसून चिरकायचं. चिर्‌-चिर्‌-चिर्‌-चीं! बारीक, तुटक, कानात सुई खुपसणारं. सुमतीबाईंना मोतीबिंदू, त्यात खिडकीतला उजेड समोरून, त्यामुळे त्यांना दिसायचा नुसता काळा ठिपका. त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की या उपटसुंभानेच आपल्या दयाळाला हुसकावलं. मग काय, थाळी आणि उलथनं! ते चिरकलं रे चिरकलं की बाई खिडकीत जाऊन ठणाणा थाळी बडवायच्या. दोन वेळच्या स्वयंपाकाइतकं ते कामही त्यांच्या अंगवळणी पडलं. मग या वर्षी उन्हं तापू लागली, तेव्हाही चिरकणारं पाखरू तेच आणि थाळीही तीच.

एकदा त्यांनी वेगळाच उद्योग करून पाहिला. आपणच शीळ घालावी, म्हणजे हरवलेला शागीर्द कुठे असेल तिथून येईल! बायकांनी शीळ घालू नये म्हणून लहानपणी आईने पाठीत धपाटा घातलेला, त्यामुळे सवय नाही, आणि आता तर तोंडात कवळी. त्यांनी ओठांचा चंबू केला, फुंकर मारली, नुसती वाफ निघाली. शेजारच्या गॅलरीतून स्वानंदने डोकं काढलं.

"काकू, तुमचा कुकर लीक होतोय का?"

"नाही रे बाबा," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुझा तो दयाळ दिसतो का कुठे हल्ली?"

"असेल ना इथेच. मी परवा कल्याणच्या खाडीवर गेलेलो, तिकडे पण हीच बोंब. ह्या कामांच्या आवाजात पक्ष्यांचे पण बिचाऱ्यांचे वांदे होतात, काकू. एकमेकांना ऐकूच जात नाही. मग ते वरच्या पट्टीत गातात."

"माणसंही चढवतात आवाज," सुमतीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना शास्त्र नको होतं, शीळ हवी होती.

त्यांची मुलगी आसावरी ठाण्याला घोडबंदर रोडच्या एका उंच इमारतीत राहते. तिथे काचा लावल्या की बाहेरचं जग मुकं होतं. ती रोज फोन करायची, आणि फोनमध्ये आईपेक्षा यंत्राचाच आवाज जास्त.

"आई, अगं किती सहन करशील? आधीच बीपी तुझं. इकडे ये ना, तुझी खोली रिकामीच आहे."

"येते गं."

"कधी? तू नुसतं येते म्हणतेस."

"होळी होऊ दे. होळीनंतर नक्की."

होळीच का, हे आसावरीला कळलं नाही, पण त्यामागे बाईंचा हिशेब होता. मागच्या वर्षी त्यांनी पाहून ठेवलं होतं की होळीला सगळे मजूर गावी जातात. कोणी बिहारला, कोणी झारखंडला. ते परत येईपर्यंत यंत्रं गप्प असतात. मागच्या वर्षी नेमक्या तेव्हाच त्या तापाने पडल्या होत्या. या वर्षी त्या टक्क जाग्या बसणार होत्या. शीळ कुठे शिल्लक असेल, तर त्या शांततेत ऐकू येईल. नसेलच, तर या घरात बसून वाट तरी कोणाची पाहायची? मग ठाणं काय आणि डोंबिवली काय, एकच.

होळी झाली, धुळवड झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीबाईंना जाग आली ती शांततेने. कुणाच्या तरी घरी फोडणी पडल्याचं ऐकू आलं. खालच्या नळाचं ठिबकणं ऐकू आलं. त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकली. त्या दिवशी कावळे बोलले, पोपट थव्याने ओरडत गेले, एक भारद्वाज कुठेतरी घुमला. शीळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चिरक्या पाखराचीसुद्धा चाहूल नव्हती. त्याला थाळीची चांगलीच दहशत बसली असावी.

दिवस जात होते आणि त्यांच्या जिवाला घोर लागला होता. शेवटी एके दिवशी दुपारी खाली टेंपो थांबला आणि वळकट्या घेऊन मजूर उतरले. सुमतीबाईंनी ते पाहिलं, आत येऊन आसावरीला फोन केला. "ये मला न्यायला," एवढंच म्हणाल्या. मग बॅग काढली. दोन-चार साड्या, औषधं, देव, आणि हरिहररावांचा चष्मा. चष्मा कशासाठी हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. बॅग भरताना त्यांना रडू आलं, आणि पुसायला कोणी नव्हतं म्हणून त्या मनसोक्त रडल्या.

संध्याकाळी त्या ओट्यावरून शेवटचं फडकं फिरवत असताना खिडकीबाहेर ते पाखरू बोललं. चिर्‌-चिर्‌-चिर्‌-चीं. सवयीने हात थाळीकडे गेला. पण बाहेर इतकं शांत होतं, की त्यात थाळी बडवणं त्यांना बरं दिसेना. म्हटलं, जाताजाता कशाला शिव्याशाप! त्या गॅलरीत आल्या. ते उडून शेवग्याच्या शेंड्यावर जाऊन बसलं होतं. मावळतीचं ऊन त्याच्या अंगावर पडलं होतं, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याचं पोट पांढरं दिसलं. शेपटी ताठ वर.

ते पुन्हा बोललं. या वेळी थोडं सावकाश. मग थांबलं, जणू कानोसा घेतला. पुन्हा बोललं, आणि आवाज एक पायरी खाली उतरला. सुमतीबाईंनी कठडा घट्ट धरला. आणखी एक पायरी. तुकडे जोडले जात होते, सुरात जाडी येत होती. आणि मग आली. तीन खालचे, भरदार, आणि चौथा किंचित वर उचललेला.

ठेवलंस का?

त्या हलल्या नाहीत. हलल्या तर ती जाईल असं वाटलं. ती पुन्हा आली. पुन्हा आली. औषधाच्या दुकानाचा कोपरा रिकामा होता आणि तिथून कोणी चालत येत नव्हतं, हे डोळ्यांना दिसत होतं, तरी त्यांची नजर तिथून हटेना. किती दिवस झाले होते हो तुम्हाला ऐकून, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी बटण दाबलं. फोडणारं यंत्र खडखडत सुरू झालं. दयाळ त्या वेळी दुसऱ्या सुरावर होता. सुमतीबाईंच्या डोळ्यांदेखत, कानांदेखत, त्याचा तिसरा सूर ताणला गेला, बारीक झाला, तुटला. चौथा नुसता चीं असा निघाला. मग यंत्राच्या खडखडाटावर मान ताठ करून तो जीव खाऊन ओरडू लागला. चिर्‌-चिर्‌-चिर्‌-चीं!

सुमतीबाईंना तो चालू मशीनपाशी उभा राहून केलेला फोन आठवला. तोच चिरकेपणा, तेच तुकडे. आणि आपण राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता. तेव्हा एकदाच, आणि या खेपेला वर्षभर. वर्षभर तो खिडकीत येऊन ओरडत होता आणि वर्षभर आपण त्याला थाळी वाजवून हाकलत होतो. त्यांनी तोंडावर पदर धरला. असं रडू त्यांना हरिहरराव गेले त्या दिवशीही आलं नव्हतं.

दाराची कडी वाजली. आसावरीपाशी किल्ली होती, ती आत आली. बॅग दारातच ठेवलेली पाहून तिने ती उचलली.

"आई, चल लवकर, गाडी खाली आडवी लावलीय! बाप रे, काय हा आवाज! आणि तो पक्षी कसला चिरकतोय गं, डोकं उठेल!"

सुमतीबाई गॅलरीतून आत आल्या. डोळे पुसलेले होते. त्यांनी मुलीच्या हातातली बॅग घेतली आणि खाली ठेवली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यात पाणी घातलं आणि गॅस पेटवला. बाहेर पुन्हा चिर्‌-चिर्‌-चिर्‌-चीं झालं. तेव्हा त्या खिडकीशी गेल्या, गजांना धरून उभ्या राहिल्या, आणि यंत्राच्या वर आवाज चढवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"ओरडू नका हो, मी इथेच आहे. ठेवलंय आधण!"