आधी उतरायचं ते शेवटी

फोनवर

गाडी ठरवताना एजंटनं सगळं विचारलं. खोल्या किती, कपाटं किती, काचेचं काही आहे का, जिना अरुंद आहे का. धाकटा घरातून फिरत फिरत उत्तरं देत होता. मग एजंट म्हणाला, सामान एकाच ठिकाणी उतरवायचं ना? तेव्हा धाकटा बाल्कनीत गेला आणि मागचं दार ओढून घेतलं.

दोन ठिकाणी, तो म्हणाला. वाटेत बहिणीकडे एक थांबा आहे. एक लोखंडी पलंग, एक पेटी, एक खुर्ची.

म्हणजे किरकोळ, एजंट म्हणाला.

हो, धाकटा म्हणाला. किरकोळच.


न बोललेलं

आई, तिकडचं घर खूपच लहान मिळालंय, त्यामुळे

आई, ताई कधीची म्हणतेय की

आई, तुला तिकडची हवा

यातलं एकही वाक्य पूर्ण झालं नाही, कारण एकही तोंडाबाहेर पडलं नाही. बायकोनं आधीच सांगून टाकलं होतं, आई तुमची, सांगायचं तुम्ही. रोज जेवताना तो बोलायला जायचा आणि रोज त्याच वेळी आई नव्या घराचा विषय काढायची. आपला पलंग खिडकीपाशी लावायचा म्हणजे सकाळी पेपर दिव्याशिवाय वाचता येईल. तो मान हलवायचा. नव्या घराला दोन खोल्या होत्या आणि आईच्या मनातल्या खिडकीपाशी त्याच्या मुलीचं टेबल यायचं ठरलं होतं.

बहिणीलाही त्यानं अर्धंच सांगितलं होतं. आई वाटेत तुझ्याकडे राहील. ताई म्हणाली, राहू दे की. किती दिवस ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पलंग तिच्या दारात उतरला की तिला कळेल. आईलाही तिथंच कळेल. ही त्याची लहानपणापासूनची रीत. कप फुटला की तुकडे ओट्यावर मांडून हा खेळायला पळणार. नापास झाला तेव्हा प्रगतिपुस्तक आईच्या उशीवर ठेवून दिवसभर मित्राकडे बसला. आई तेव्हा शेजारणींना हसून सांगायची, आमच्या धाकट्याच्या तोंडाला कुलूप आहे, बोलायचं काम तो वस्तूंना लावतो.


सगळ्यात आत

ट्रक सकाळी फाटकापाशी पाठमोरा लागला. बायको आणि मुलगी आदल्या दिवशीच रेल्वेनं पुढे गेल्या होत्या. धाकटा आणि आई मागून कारनं निघणार होते.

खाली सगळ्यात आधी आला तो आईचा पलंग, कारण सगळ्यात आधी बांधून तयार होता तोच. जुन्या चादरी गुंडाळून तिनं स्वतः सुतळीच्या गाठी मारल्या होत्या. हमालांनी तो भिंतीला टेकवून ठेवला, मागोमाग तिची पेटीही तिथंच आणली. आई त्याच्याशेजारी आपल्या खुर्चीत बसली आणि ट्रक स्वतःच्या मालकीचा असल्यासारखी देखरेख करू लागली. फ्रिज आडवा करू नका. त्या कपाटाचा एक पाय डुगडुगतो, तेवढा सांभाळून उचला.

मुकादम जाडजूड आणि बोलका होता. गाठी बघून म्हणाला, आजी, या सोडवायला वकील लागेल.

आई म्हणाली, वकील कशाला, गाठी मारणारी सोबत येतेच आहे.

धाकटा वर गेला. रिकाम्या खोल्यांत काही राहिलं नाही ना, ते पुन्हा पाहायला.


मधे

खोकी चढली. मुलीची सायकल, शिवणाचं मशीन, गाद्यांच्या वळकट्या. ट्रक भरत आला तरी पलंग भिंतीलाच होता. आईनं एका हमालाला हटकलं. तो म्हणाला, मुकादमाला माहीत आहे. तिनं वर बघून धाकट्याला हाक मारली. त्यानं स्वयंपाकघरातला नळ उघडला, बंद केला, आणि ऐकू आलंच नाही असं स्वतःलाच पटवलं. पण जिन्याच्या खिडकीतून खालचं सगळं ऐकू यायचं. त्या घरात इतकी वर्षं काढून तो हे कसं विसरला?

"अहो, माझा पलंग विसरताय तुम्ही," आई म्हणत होती.

"विसरतोय कुठं? आधी उतरायचं ते शेवटी चढतं, आजी." मुकादम चांगली बातमी द्यावी तसा बोलत होता. "तुमचा थांबा पहिला. संध्याकाळी तुम्ही लेकीकडे आपल्या पलंगावर पाय पसरून बसाल, तेव्हा हे सामान अजून रस्त्यात धक्के खात असेल."

धाकटा जिना उतरला. आपण का उतरतोय हे त्याला कळत नव्हतं. वर थांबणं आणखी वाईट, एवढंच कळत होतं.


दाराशी

खाली वरच्या मजल्यावरच्या काकू निरोप घ्यायला येऊन थांबल्या होत्या. आईनं आधी पलंगाकडे पाहिलं, मग ट्रकच्या आत, मग पेटी आणि खुर्चीकडे. ज्या खुर्चीत ती बसली होती तिच्याकडे.

"म्हणजे तुम्ही यांच्याबरोबर जात नाही?" काकूंनी विचारलं.

धाकटा पेटीची कडी उघडून पुन्हा लावू लागला.

"मीच म्हटलं याला," आई म्हणाली. "लेकीकडे राहून बघते जरा. लेकाकडे काय, जन्मभर आहेच."

प्यायला पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात. बरं केलंत, हवापालट होईल, काकू म्हणाल्या. मुकादमानंही मान डोलावली. चारचौघांत तिनं त्याच्या थोबाडीत दिली असती तर तो स्वस्तात सुटला असता. तिनं त्याची अब्रू झाकली आणि ते झाकण इतकं घट्ट बसलं की त्याला आत श्वास घेता येईना.


ट्रकच्या पलीकडे

काकू गेल्यावर आईनं त्याला ट्रकच्या आडोशाला नेलं. का, असं तिनं विचारलंच नाही. त्यासाठी त्यानं तीन-चार उत्तरं जमवली होती, ती सगळी वाया गेली.

"थोरलीला माहीत आहे?"

"ती हो म्हणालीय."

"कशाला हो म्हणाली?"

"तू येणार, त्याला."

"मी आणि माझा पलंग या दोन गोष्टी आहेत. पाहुणी पिशवी घेऊन जाते." ती थांबली. "लाव फोन. माझ्यासमोर."

त्यानं लावला. ताई खुशीत होती. कुठवर आलात, आईला चालेल असं काय करू, किती वाजतील, असं बरंच बोलली. तो हं हं करत राहिला. आई त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"ताई, आईचा पलंग येतोय," तो म्हणाला.

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"कायमची?" ताईनं विचारलं.

"हो."

इतक्या दिवसांतला त्याचा हा पहिला खरा शब्द. बोलून झाल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही.

ताईनं कुठलंसं दार उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, मधल्या खोलीचं दार अरुंद आहे, पलंगाचे पाय काढून आणा. आणि आईला फोन दे.

आई फोनवर म्हणाली, "हो. नाही गं, मला आधी माहीत होतं. खिडकीपाशी नको, तिथं जावईबापूंची खुर्ची असते. मला कुठंही चालेल."

मला कुठंही चालेल.


फाळका लावण्याआधी

हमाल पाना घेऊन पुढे झाला. आई म्हणाली, त्याला काढू दे.

धाकट्यानं पाना घेतला आणि रस्त्यावर गुडघे टेकले. आधी तिच्या गाठी. नखं दुखली, सुतळी सुटेना, पण कापू का असं विचारायचा धीर झाला नाही. ट्रकचं इंजिन चालू झालं होतं. हमाल मागच्या फाळक्याला टेकून बघत होते. गाठी सुटल्यावर नट. आई तळवा पसरून शेजारी उभी होती. तो एकेक नट काढून तिच्या हातावर ठेवत होता.

"आई, मी..."

"आधी तो बोल्ट दे."

त्यानं दिला. तिनं सगळे रुमालात बांधून पिशवीत टाकले. पाय सुटलेला पलंग एकदम सपाट झाला, हमालांनी तो सहज वर सरकवला. मागोमाग पेटी आणि खुर्ची. नट माझ्याकडे दे, तिथं पोहोचल्यावर मी बसवतो, तो म्हणाला. थोरली बसवेल, ती म्हणाली.

मग ती कारकडे न जाता ट्रकच्या पुढच्या दारापाशी गेली. ड्रायव्हरशेजारी जागा आहे का, तिनं मुकादमाला विचारलं. तो गडबडला. आजी, कार आहे की, इथं धक्के बसतील.

"ही गाडी आधी माझ्याच थांब्याला जातेय ना?" आई म्हणाली. "मग हीच माझी."

पायरी उंच होती. धाकट्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. वर बसल्यावर तिनं हात सोडवून घेतला आणि पिशवी मांडीवर ठेवली.

ट्रक वळला. तो रस्त्यातच उभा होता.

"साहेब," मुकादम खिडकीतून ओरडला, "आमचा पाना."