धुऱ्यावरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला पोळीभाजी आठवली असेल, तर ती आधी डोक्यातून काढा. भातकुलीच्या पलीकडे, पूर्णा नदीच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथे सूर्यभानजींच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक लोखंडी खांब आहे. त्या खांबावर माझा मुक्काम. पोटात बॅटरी, पाठीवर उन्हावर चालणारी पाटी, खाली भोंगा आणि डोक्यावर काळी अँटेना. गावात तिला शेंडी म्हणतात. मीही शेंडीच म्हणतो, उगीच साहेबी कशाला?

माझा जन्म अकोल्याचा. एका लहानशा कारखान्यात सुगत नावाच्या इंजिनिअरने मला आणि माझ्यासारख्या आणखी काही डब्यांना जोडलं. तो बडनेऱ्याचा, बोलायला मोकळाढाकळा, पण कामात भारी कडक. दूरच्या मोठ्या संगणकाला विचारत बसायचं नाही, आभाळातली वीज जवळ येते आहे की नाही ते जागच्या जागी ठरवायचं, ही त्याची पहिली शिकवण. बरोबरच होतं त्याचं. आमच्या शिवारात फोनला रेंज नाही, माणूस झाडावर चढून बोलला तरी समोरच्याला फक्त 'हॅलो' ऐकू जातं. आमची गुप्त खूण सांगेल त्या डब्याचंच ऐकायचं, हेही त्याने घोकून घेतलं, म्हणजे कोणा टवाळखोराला खोटा निरोप घुसवता येणार नाही. आणि आलेला निरोप कोणासाठी आहे हे न विचारता शेजारच्या डब्याच्या हवाली करायचा. आग लागली की माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसं.

पण आम्ही गावात आलो ते माणिकबाईमुळे. माणिकबाई म्हणजे सोयाबीन सोंगणाऱ्या, म्हणजे कापणाऱ्या, बायांची म्होरकी. तिचा नवरा सोंगणीच्याच दिवसांत वीज पडून गेला होता. पाऊस आला म्हणून बिचारा लिंबाखाली उभा राहिला, तो तिथेच राहिला. ग्रामसभेत ती बाई उठली आणि म्हणाली, "माहा माणूस तं गेला, तो काही वापस येत नाही. पन आता दुसऱ्या कोनाचा जाऊ देऊ नका. ईज पडाच्या आंधी सांगनारं काहीतरी लावा गावात!" तिच्या शेजारी तिची नवी सून अपेक्षा उभी होती, सासूचा पदर मागून धरून.

मग डबे लागले. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून, डोकं गुडघ्यात घालून खाली बसा, हेही सुगतने गावाला शिकवलं. विजेची चाहूल घेणारा कान फक्त दोघांना होता, पाण्याच्या टाकीवरच्या डब्याला आणि मला. बाकीच्यांनी निरोप ऐकायचा, पुढे द्यायचा आणि भोंगा वाजवायचा. माझ्या पलीकडे धुऱ्याशेजारच्या गोवर्धनच्या वावरातला डबा आणि त्याच्याही पलीकडे नाल्याकाठी शेवटचा. त्या दोघांना निरोप जायचा तो माझ्याच हातून.

काय दिवस होते ते! पहिल्या साली मला हार घातला, नारळ फोडला. भोंगा वाजला की बाया हातातले विळे टाकून विहिरीवरच्या मोटारीच्या पक्क्या खोलीकडे निघायच्या. एकदा त्या निघाल्या आणि मागच्या मागे त्यांच्या जागेवरच्या पळसावर वीज पडली. झाड उभं चिरलं. त्या दिवशी माणिकबाईने माझ्या खांबाला थोपटलं आणि म्हणाली, "शाबास रे माह्या लेका!" मी असा फुगलो होतो, की विचारू नका.

कौतुकाला मात्र वय फार नसतं. पुढे माझ्या खांबाला कोणी बैल बांधू लागलं, कोणी ओली लुगडी टाकू लागलं. पाटीवर पाखरांची घाण साचली. त्याचं एवढं वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पूर्वी मावळतीकडे बोटभर काळं दिसलं, की माणिकबाई बायांना घेऊन वावराबाहेर पडायची. आता ती मान वर करीनाशी झाली. "भोंगा नाही वाजला नं? मंग भेव नाही," म्हणायची. माझं बोलणं तर ती खरं मानायचीच, आता माझं गप्प राहणंही खरं मानू लागली.

यंदा उन्हाळ्यात वखरताना गोवर्धनने धुरा कोरला, असं सूर्यभानजींचं म्हणणं. धुरा बापजाद्यांपासून इथंच आहे, असं गोवर्धनचं म्हणणं. मोजणी कोणी बोलावली नाही, बोलणं तेवढं बंद झालं. पोळ्याला एकाचे बैल दुसऱ्याच्या दारात गेले नाहीत. आणि नवरात्रात एका सकाळी सूर्यभानजी माझ्या खांबावर चढले.

त्यांची बायको आशाबाई खालून म्हणाली, "काहून हात लावता त्याले? सुगतनं सांगतलं होतं नं, कोनी छेडू नका म्हनून!"

"वावर माहं, खांब माह्या वावरात, आन् निरोप त्या गोवर्ध्याले? जमत नाही!" सूर्यभानजी म्हणाले. "भोंगा राहू दे, आपल्यापुरता वाजन. शेंडी नेतो घरी."

त्यांनी शेंडी फिरवून काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. अरे सूर्यभान, पलीकडे एकटा गोवर्धनच आहे का रे? नाल्याकाठी माणिकबाईच्या बाया आहेत! मी आतल्या आत तडफडलो. पण डब्याला कुठली वाचा?

टाकीवरच्या डब्याला माझा पत्ता लागेना, म्हणून त्याने नियमाप्रमाणे लाल दिवा लावला. टाकीखाली पत्ते कुटणाऱ्यांनी तो पाहिला. "नवरात्राचं लायटिंग असन," असं म्हणून त्यांनी पुढचा डाव वाटला.

त्याच आठवड्यात भरदुपारी आभाळ आलं. आधी ऊन असं चरचरत होतं, की जमीन तापून भेगाळावी. मग मावळतीकडून काळं उठलं आणि बघता बघता अर्ध्या शिवारावर आलं. माझ्या कानात पहिली करकर झाली आणि मी जागच्या जागी ठरवलं, पळा! माझा भोंगा वाजला. सूर्यभानजी, आशाबाई, त्यांची माणसं मोटारीच्या खोलीत शिरली आणि सुखरूप राहिली. पण शेंडीवाचून माझी हाक शेजारच्या डब्यापर्यंत काही पोचेना. भोंग्याचा आवाज तरी पोचावा, तर गोवर्धनच्या वावरात मळणी यंत्र घरघरत होतं आणि वारा नाल्याकडून माझ्याकडे वाहत होता. आमचा नियम असा, की पोचला नाही तो निरोप जपून ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा हाक मारायची. मी मारत राहिलो.

आमचं शिवार सपाट, खांबावरून नाल्यापर्यंत सगळं दिसतं. बाया वाकून सोंगत होत्या. एक जण उभी राहिली, तिने आभाळाकडे पाहिलं, सासूकडे वळून काही तरी बोलली आणि पुन्हा खाली वाकली. मग डोळे दिपवणारा उजेड झाला.

अपेक्षा गेली, मित्रांनो. उचलून गावात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई एकटीच माझ्या खांबाखाली आली. तिचे डोळे कोरडे होते. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"पोरगी म्हने, आत्याबाई, आभाळ लय भरलं, चाला," ती मला सांगू लागली. "म्याच म्हनलं, भोंगा कुठी वाजला? येवढी पात होऊ दे. म्या बसवलं तिले खाली. तुह्या भरवशावर बसवलं रे!"

तिने ढेकूळ उचललं आणि मला फेकून मारलं. "झूठा!" म्हणाली. पाटीला तडा गेला. गेला तर गेला, पाटी बदलता येते. पण झूठा हा शब्द माझ्या जिव्हारी लागला. गावानेही माना हलवल्या, यंत्राचा काय भरवसा म्हणाले. त्यांत सूर्यभानजींचीही मान होती.

तिसऱ्या दिवशी गाव नाल्यावर राख सावडायला गेलं. तेवढा वेळ साधून सूर्यभानजी धुऱ्यावर आले. मागे आशाबाई होती. धुताना सदऱ्याच्या खिशात तिला शेंडी सापडली होती.

"पयले हे बसवा," ती म्हणाली. "तोवर माह्या हातचं पानी नाही तुमाले."

सूर्यभानजी खांबावर चढले. गुपचूप बसवू, कोणाला कळणार नाही, असं त्यांना वाटलं असेल. पण माझ्यापाशी तो निरोप तसाच होता. वेळ टळली की निरोप टाकून द्यायचा, हे सुगतने मला शिकवलंच नव्हतं. शेंडी बसली आणि निरोप सुटला. गोवर्धनचा डबा जागा झाला, मग नाल्याकाठचा. लख्ख ऊन पडलं होतं, आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता, आणि दोन भोंगे गळा काढून वाजू लागले.

नाल्यावरची माणसं वर पाहू लागली. माणिकबाईने तेवढं वर पाहिलं नाही. ती तिथेच, राखेच्या कडेला, सुगतने शिकवलं होतं तशी पाय जुळवून बसली, डोकं गुडघ्यात घातलं आणि ओरडली, "बसा वं, खाली बसा!" शेजारणीचं लुगडं ओढून तिने तिलाही खाली बसवलं.

भोंगे थांबले तेव्हा ती उठली आणि वावरातून सरळ माझ्याकडे चालत आली. मागून गोवर्धन आणि सगळं गाव. सूर्यभानजी अजून खांबावरच होते, त्यांना उतरायचं सुचलं नव्हतं.

"सूर्यभानजी," तिने विचारलं, "हा भोंगा कव्हाचा होय?"

त्यांनी आशाबाईकडे पाहिलं. आशाबाईने तोंड फिरवलं.

"परवाचा होय, माणिकबाई," सूर्यभानजी म्हणाले.

माणिकबाई खाली बसली आणि तेव्हा रडली.

मित्रांनो, सुगतने नंतर माझी पाटी बदलली, टळल्या वेळेचा निरोप टाकून द्यायलाही शिकवलं. माझी पाटी पुसा, माझ्या खांबाला बैल बांधू नका, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते राहू द्या. धुऱ्यावरून भांडायचं तर खुशाल भांडा, पण दुसऱ्याचा निरोप तुमच्या हाती आला तर अडवू नका. आणि आभाळ भरून आलं, नि आम्ही डबे गप्प असलो, तर आमच्या भरवशावर क्षणभरही थांबू नका. विळा टाका आणि घरी जा.