वळचणीच्या त्रेसष्ट जणी

ऑड्रे प्रीसला वटवाघळं आवडत नसत, आणि ही गोष्ट तिने लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नवऱ्याला तोंडावर सांगितली होती. पुढचे एक्केचाळीस उन्हाळे ती सांगतच राहिली. वाळत घातलेल्या चादरींवर काळ्या लेंड्या, खिडकीच्या कट्ट्यावर काळ्या लेंड्या, आणि एकदा तर पाहुण्यांसाठी बागेत मांडलेल्या केकवर. "विल्फ, तुझ्या बायका आल्या रे!" असं ती मे महिन्यात अंगणातून ओरडायची. विल्फ हसायचा. वळचणीच्या भोकातून आत शिरून ऑगस्टपर्यंत राहणाऱ्या त्या सगळ्या माद्याच असत, पिल्लं घालायला आलेल्या. त्यामुळे 'बायका' हा शब्द त्याला अगदी शास्त्रशुद्ध वाटायचा.

इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या टेकड्यांत, गावापासून मैलभर आत, हे कॉपिस कॉटेज. घर हॉलच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या वाड्याच्या मालकीचं. विल्फ हॉलचा मुख्य माळी होता आणि तो निवृत्त झाला तेव्हा म्हाताऱ्या मालकाने शब्द दिला होता, की तुम्ही दोघं असेपर्यंत घर तुमचं. शब्द तोंडी होता. त्या काळी तेवढा पुरायचा.

पण घर खरं कोणाचं, हे विचारलं असतं तर ऑड्रेने कपाळाला हात लावला असता. मार्चमध्ये बेडूक तळ्याकडे निघाले की विल्फ फाटकापुढे गाडी आडवी लावून रस्ता अडवायचा आणि पोस्टमन शिव्या घालायचा. एप्रिलमध्ये पाकोळ्या लाकडाच्या खोपटात घरटं करत, म्हणून सप्टेंबरपर्यंत खोपटाचं दार लावायचं नाही, म्हणून लाकडं भिजायची, म्हणून हिवाळ्यात चूल धुमसायची. ऑक्टोबरात बिज्जू येऊन हिरवळ उकरून जाई. पडलेली सफरचंदं वेचायची नाहीत, ती थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांची. मांजरं दोन. डचेस इतकी लठ्ठ, की साळिंदराचा छोटा भाऊ शोभेल असा काटेरी जाहक रोज संध्याकाळी तिच्याच बशीतून जेवायचा आणि ती मान फिरवून घ्यायची. दुसरा बिशप. काळाकुळकुळीत, गळ्याला पांढरी पट्टी, आणि नावाला काळिमा फासणारा पक्का शिकारी.

बिशपने आणलेलं मेलेलं प्रत्येक जनावर विल्फ आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा. चिठ्ठी लावून, तारीख घालून. संग्रहालयाला देऊ म्हणायचा. कधी दिलं नाही. मटारच्या पिशवीखाली चिचुंद्री निघाली की ऑड्रे नवऱ्याचे वाभाडे काढी आणि डबा पुन्हा होता तिथे ठेवी.

गेल्या वर्षाच्या आदल्या नोव्हेंबरात विल्फ वारला. न्याहारीच्या टेबलावर, पाखरं-जनावरं मोजायच्या वहीत 'रेडविंग, बारा' एवढं लिहून. आणि गेल्या मे महिन्याच्या शेवटी नव्या मालकाचा कारभारी क्रिस्पिन हेल याच टेबलाशी बसून गोड आवाजात सांगत होता, की घराचं छप्पर वर उचलून दोन खोल्या काढायच्या आहेत, सुट्टीला येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायला. मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीला, ऑड्रेने जागा सोडावी. गावात वृद्धांसाठी छान फ्लॅट झालेत.

"मांजरं चालतात तिथे?" ऑड्रेने विचारलं.

"मासा चालतो," हेल म्हणाला. "काचेच्या भांड्यातला."

"मी नाही जात."

"मिसेस प्रीस, मी तुम्हाला खरं तेच सांगतो. आता एकच अडचण येऊ शकते, वटवाघळांची पाहणी. वटवाघळं निघाली तर छपराला हात लावता येत नाही, आणि मग हे घर आमच्या काहीच कामाचं नाही. तुम्ही खुशाल राहा, शंभर वर्षं राहा. पण एप्रिलमध्ये आमच्या माणसांनी माळा साफ केला, तेव्हा त्यांना एकसुद्धा दिसलं नाही."

त्या माणसांना ऑड्रेनेच चहा दिला होता. केकसुद्धा. माळा झाडून-पुसून, यंत्राने धूळ ओढून लख्ख करून गेले तेव्हा तिने त्यांचे आभार मानले होते. आता तिच्या हातातली किटली टेबलावर जरा जोरातच टेकली.

कारण हेलला जे माहीत नव्हतं, ते तिला माहीत होतं. वटवाघळं का नव्हती, ते.

दुसऱ्या दिवशी मॉरीन बेडोज अंडी द्यायला आली. मॉरीन म्हणजे पलीकडच्या शेतावरची शेजारीण, तोंडाची फटकळ आणि पोटात काही न ठेवणारी. तरी ऑड्रेने तिलाच सांगितलं.

"भोक मी बुजवलं. विल्फ गेला त्यानंतरच्या मार्चमध्ये. शिडी लावली आणि भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबल्या. आठ."

"अगं बाई! त्या गुलाबी साबणाच्या?"

"त्याच."

"का गं पण? इतकी वर्षं नुसती बोंबलत होतीस, हात कधी लावला नाहीस!"

ऑड्रे बराच वेळ अंड्यांवरचा पेंढा काढत राहिली. "त्या मे महिन्यात परत येणार होत्या," ती शेवटी म्हणाली. "दर वर्षी येतात तशा. तारीखसुद्धा चुकत नाही मेल्यांची. त्या परत येणार आणि तो येणार नाही, हे मला बघवलं नसतं. म्हटलं, कोणीच नको यायला." तिने अंडी मोजून टोपलीत ठेवली. "आल्या होत्या. दोन संध्याकाळी भिंतीभोवती घिरट्या घालत होत्या. मी इथे बसून बघितलं. तिसऱ्या दिवशी नव्हत्या."

मॉरीनने खुर्ची पुढे ओढली. "मग घासण्या काढून टाक."

"आता काढून काय? जून लागला. यंदा त्यांनी दुसरीकडे संसार मांडला असेल."

"मग असं कर, त्या कामगारांवर ढकल. एप्रिलमध्ये शिडी लावली होतीच की त्यांनी. सांग, मुद्दाम बुजवलं म्हणून. हेलचं तोंड बघण्यासारखं होईल! आणि स्वतःचं नाव मात्र काढू नकोस हं. गुन्हा आहे तो. बार्न्सच्या पोराला घुबडाच्या घरट्यावरून कोर्टात उभं केलं होतं, माहितीय ना? पेपरात नाव आलं होतं."

"त्यांनी माझा माळा झाडला, मॉरीन. माझा केक खाल्ला. एकाने तर कृती विचारून घेतली."

"मग जा फ्लॅटमध्ये आणि पाळ मासा," मॉरीन म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

पाहणीला आलेली मुलगी वेल्समधली होती, बेथन पॉवेल. तिशीची, चिखलाने भरलेले बूट दारातच काढून ठेवणारी. तेवढ्यावर ती ऑड्रेला आवडली आणि आवडली म्हणून ऑड्रेला तिचा राग आला. माळ्यावरून खाली उतरताना बेथन म्हणाली, "इतका स्वच्छ माळा मी आजवर बघितला नाही, मिसेस प्रीस. जेवायला बसावं."

संध्याकाळी ऊन उतरताना तिने बागेत दोन खुर्च्या मांडल्या, मांडीवर वटवाघळांचा आवाज ऐकू येणारं एक डबडं घेतलं आणि घराकडे तोंड करून बसली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी डबडं एकदा तडतडलं.

"रानाकडून आलं," बेथन म्हणाली. "घरातून नाही." तिने वहीत शून्य मांडलं. मग भिंतीकडे बोट केलं. "हा काय बघत बसलाय? कालही इथेच होता."

बिशप भिंतीच्या पायथ्याशी बसला होता. शेपूट अंगाभोवती गुंडाळून, मान वर करून, वळचणीच्या त्या कोपऱ्यावर डोळे लावून.

"सवय आहे त्याला," ऑड्रे म्हणाली.

"कशाची सवय?"

"चहा आणते," ऑड्रे म्हणाली आणि आत गेली.

दुधाची बाटली संपली होती. दुसरी फ्रीझरमध्ये गोठवलेली होती, ती काढायला तिने हात घातला आणि हाताला आइस्क्रीमचा डबा लागला. दीड वर्षांत तिने एकही डबा उघडला नव्हता. फेकला तर मुळीच नव्हता. तिने तो उघडला. आत अंगठ्याएवढं तपकिरी वटवाघूळ, बर्फाने पांढुरकं झालेलं, आणि विल्फच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी. 'मादी. बिशप, पाण्याच्या पिंपाजवळ. ऑड्रेला सांगू नये.'

"सांगू नये म्हणे," ऑड्रे फ्रीझरला म्हणाली. "जशी काही मला नजरच नाही."

तिने दुसरा उघडला. तिसरा. मग सगळ्यात वरचा, शेवटच्या उन्हाळ्यातला. 'मादी. बिशप, स्वयंपाकघराची पायरी. ऑड्रेनेच उचलून रुमालात ठेवली आणि मला हाक मारली. तोंडाने शिव्या देत होती, हात हलका होता. आज संध्याकाळी मोजल्या, त्रेसष्ट.'

ती तिथेच, फ्रीझरचं झाकण एका हाताने धरून, रडली. रागाने रडली. एक्केचाळीस वर्षं हा माणूस आपल्याला ओळखून होता आणि एकदाही तोंडाने बोलला नाही, नुसता आइस्क्रीमच्या डब्यावर लिहीत बसला! आणि आपण काय केलं, तर त्याच्या बायकांना दाराबाहेर काढलं, आणि आता त्याच चुकीपायी त्याच्या बागेतून, त्याच्या सफरचंदांखालून आपल्यालाच काढताहेत. गप्प बसून निघून जायचं? त्या बिचाऱ्या कामगार पोरांवर ढकलून राहायचं? दोन्ही गोष्टींची तिला सारखीच किळस आली.

चहा तिने नेला. बोलायचं ते हेलसमोर, असं तिने ठरवलं होतं.

हेल सकाळी दहाला आला, नव्या कोऱ्या गाडीतून. बेथन दारातल्या बाकावर कागद भरत होती.

"तर मग," हेल म्हणाला, "वटवाघळं नाहीत."

"दोन संध्याकाळी एकही बाहेर पडलं नाही," बेथन म्हणाली. ते सांगताना तिचा चेहरा उतरलेला होता.

"आत या दोघंही," ऑड्रे म्हणाली. "नाही, बूट नका काढू आज."

स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने कशिद्याचं धुवट मेजपोस घातलं होतं, पाहुण्यांसाठी घालत असे ते. त्यावर आइस्क्रीमचे अकरा डबे ओळीने मांडले होते. शेजारी विल्फच्या वह्या, एकोणतीस, दर वर्षीची एक. प्रत्येकीत जून महिन्याशी चिमटा लावलेला.

हेलने पहिल्या डब्यात डोकावून बघितलं आणि मागे सरकला. बेथन मात्र पुढे वाकली, आणि चिठ्ठ्या एकामागून एक वाचत गेली. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते.

"हे सगळं याच घरातलं?"

"याच घरातलं. एकोणतीस वर्षं मोजलेलं. आता शिडी घे, पोरी, आणि माझ्याबरोबर चल. शिडी मी धरते."

बेथन वर चढली. हेलही मागोमाग येऊन भिंतीलगत उभा राहिला. बिशप येऊन आपल्या जागी बसला. वळचणीच्या कोपऱ्यात तिने बोटं घातली आणि गंजलेल्या तारेचा एक गोळा बाहेर ओढला, मग दुसरा. गंजातही साबणाचा गुलाबी रंग दिसत होता. आठवा निघाला तसा त्याच्यामागून काळ्या लेंड्यांचा ढीगच्या ढीग खाली आला, थेट हेलच्या बुटांवर. भिंतीच्या आतली ती सांद माळा झाडणाऱ्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

"वटवाघळं असोत नसोत," बेथन वरूनच म्हणाली, आणि तिला आवाजातला आनंद लपवता येईना, "ती जागा त्यांचीच धरतात. कायद्याने. परत येतात ती, वर्ष-दोन वर्षांनी का होईना. मिस्टर हेल, वटवाघळं नाहीत असं मला लिहून देता येणार नाही." मग ती थांबली आणि खाली बघितलं. "मिसेस प्रीस, पण हे भोक बुजवलंय. कोणी बुजवलं, तेही लिहावं लागेल मला."

हेलने झटकन मान वर केली. "आमच्या माणसांनी नाही. हे मी आत्ताच स्पष्ट सांगतो."

"नाहीच मुळी," ऑड्रे म्हणाली. "चांगली पोरं होती ती. मी बुजवलं. गेल्या वर्षी, मार्चमध्ये, माझ्या हाताने, माझ्या घासण्यांनी. लिही, पोरी. जपून लिही, नाव चुकवू नकोस."

"माझं ऐका, तुम्ही काय बोलताय याचा विचार करा," हेल म्हणाला. आता आवाजात गोडवा नव्हता. "हा गुन्हा आहे. तुमच्यावर नोटीस निघेल. कोर्ट, दंड, पेपरात नाव. या वयात. त्यापेक्षा आपण हे असं करू, की हे सगळं पुन्हा डब्यात घालू, आणि तुम्ही त्या फ्लॅटचा—"

"मिस्टर हेल," ऑड्रे म्हणाली, "मी केलं ते वाईट होतं. ज्या येत होत्या त्यांना मी घराबाहेर ठेवलं, कारण माझं दुखत होतं. त्याची शिक्षा होऊ दे मला. मी कोर्टात जाईन, ठेवणीतली टोपी घालून जाईन. पण मला घराबाहेर काढायला निघालात, तुमचं काय दुखत होतं, ते सांगा बघू?"

हेल बूट झटकत गाडीकडे निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, "नोटीस येईल, लक्षात ठेवा."

ऑड्रेने शिडीवरचा हात सोडला नाही. वर ती मुलगी अजून होती.

"येऊ दे की!" तिने ओरडून सांगितलं. "ऑड्रे प्रीस, कॉपिस कॉटेज. मायकेलमसनंतर पाठवलीत तरी मिळेल."