एकाच बाटलीतलं पाणी

गरम पाण्याच्या झऱ्यावर आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. काठीला बाटली बांधून उकळतं पाणी काढलं मी, घोटा भाजला माझा, आणि जंतू सापडला चिमीला. पाणी एकाच बाटलीतलं! ते पाणी जंतू वाढवायच्या प्लेटांवर पसरलं; माझ्या प्लेटांवर तीन दिवसांत काही उगवलं नाही म्हणून मी त्या शिस्तीत फेकून दिल्या. तिने आपल्या प्लेटा ओल्या कापसासकट पिशवीत गुंडाळून सत्तर अंशांच्या पेटीत ठेवल्या आणि चक्क विसरली. नवव्या दिवशी खसखशीएवढे पिवळे ठिपके. तपासणीत निघालं, ही जात जगात आजवर कुणी पाहिलेलीच नाही.

आई शेजाऱ्यांना सांगत सुटली, "धाकटीने जंतू शोधला हो!" मग थोरली बारा वर्षं त्याच प्रयोगशाळेत काय बाटल्या विसळते? तर हो, त्याही विसळते.

नवी जात जाहीर करायची तर तिचा जिवंत, निर्भेळ नमुना दोन वेगळ्या देशांतल्या जंतुसंग्रहांत जमा करावा लागतो. पार्सल शुक्रवारी जाणार होतं. सोमवारी सरांनी मला नमुना एकदा बघून घ्यायला सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली चिमीचे जंतू दिसले, लांब काड्यांसारखे. आणि त्यांच्यात मधूनमधून आखूड, जाडसर, वेगळ्याच काही काड्या. भेसळ! संग्रहवाले नमुना परत पाठवणार, चिमीची नाचक्की होणार.

मी गप्प बसले. चार दिवस झोप छान लागली.

पण फजिती परदेशात झाली तर मला तिचं तोंड बघायला मिळणार नव्हतं. म्हणून शुक्रवारी ती खोक्याला चिकटपट्टी लावत असताना मी सगळ्यांदेखत म्हणाले, "चिमे, थांब. नमुन्यात भेसळ आहे."

सरांनी चष्मा काढला. चिमी सूक्ष्मदर्शकावर वाकली ती वाकलीच. मग उठली आणि ती बया माझ्या गळ्यातच पडली. "ताई, वाचवलंस गं! तोंडघशी पडले असते."

दोन्ही वेगळ्या करायला तिला तीन आठवडे लागले. आखूड काडीची तपासणी आली. तीही नवी जात! एकीने भागेना, म्हणून दुसरी. त्या दिवशी माझ्या हातून दोन चंबू फुटले. एक मुद्दाम.

दुपारी चिमी आखूड काडीची प्लेट घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "ही तुझी. तूच पाहिलीस. वर्णन तू लिही, नाव तू ठेव."

धाकट्या बहिणीकडून दान! अंगाचा तिळपापड झाला. पण नजर काही प्लेटवरून हटेना.

"नोंदवहीत तारीख टाकते," ती म्हणाली. "पहिल्यांदा दिसली शुक्रवारी ना?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण बारा वर्षांत मी एकही खोटी तारीख लिहिलेली नाही. हिच्यापायी तर मुळीच लिहिणार नव्हते.

"सोमवारी."

तिचं पेन थांबलं. "म्हणजे मी पार्सल बांधत होते तेव्हा तुला..."

"ठाऊक होतं."

"आणि बघत बसलीस?"

"हो."

तिने प्लेट उचलायला हात पुढे केला. मी ती आधीच ओढून घेतली होती.

"दिलेली वस्तू परत मागायची नाही," मी म्हणाले. "लिही, सोमवार."