घरची माणसं शेवटच्या पंगतीला

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, भावाच्या घरी, बाहेर दुसरी पंगत बसलेली असताना, कलावतीताई कढीचं पातेलं शेगडीवरून उतरवता उतरवता मटकन खाली बसल्या. कढी मात्र सांडली नाही. पातेलं आधी नीट ओट्यावर ठेवलं, मग बसल्या, आणि मग काही केल्या उठता येईना. त्यांचे धाकटे भाऊ दिवाकर लांजेवार बाहेर पुरणपोळीचा आग्रह करत फिरत होते. अख्खं रायपूर त्यांना दिवाकरभैया म्हणायचं. ते तसेच तुपाच्या हातांनी आत धावले आणि बहिणीला गाडीत घालून आपल्या हॉस्पिटलात घेऊन आले.

आपल्या म्हणजे खरोखरच आपल्या. नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी स्वतःच्या पैशानं बांधलेलं, आईचं नाव दिलेलं, गरिबांना फुकट. आत शिरताच समोर संगमरवरी पाटी होती: 'घर के लोग आख़िरी पंगत में.' काउंटरवरची पोरगी नवी होती. तिनं स्ट्रेचरकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि बिचारीनं अगदी मनापासून विचारलं, "सर, माताजी का नंबर लगा दूँ?"

दिवाकरभैयांनी स्ट्रेचर स्वतःच ढकलत आत नेलं. डॉक्टर स्नेहल ठाकरेंनी ताईंना तपासायला घेतलं आणि भैया बाहेर बाकावर बसले. मंत्री असताना त्यांच्या दारात लोक असेच बसत, दाराच्या फटीकडे डोळे लावून. आज त्यांना एकच हवं होतं. ताई वाचली पाहिजे, बाकी कंपनी, नाव, दवाखाना, ज्याला हवं त्यानं न्यावं.

आता ती पाटी काय भानगड आहे हे सांगायला हवं.

भैयांचे वडील रेल्वेत गार्ड, मूळचे गोंदियाकडचे. पुरानी बस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. खिशात फार नसे, पण वनमालाबाईंच्या, म्हणजे भैयांच्या आईच्या, महालक्ष्म्या जोरदार. मराठी, छत्तीसगढी, रेल्वेवाले, शेजारपाजार, सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, जेवायला. नियम एकच: घरची माणसं शेवटच्या पंगतीला. लहानगा दिवाकर भुकेनं कळवळायचा, आणि ताई त्याला मागच्या अंगणात नेऊन गोष्टी सांगत रमवायची. शेवटी एकदाची पंगत बसली की याच्या पानात सगळं हजर: पुरणपोळी, पाटवड्या, आंबील, कढी, भाज्या. एवढं गाव जेवून गेलं तरी सरलं कसं नाही? पोरानं ठरवून टाकलं की ही देवीची बरकत. जो दुसऱ्याला आधी वाढतो त्याचं पान आपोआप भरतं. ही समजूत त्यांनी जी धरली ती पंचाहत्तरीपर्यंत सोडली नाही. त्यांचं राजकारण, त्यांचा धंदा, त्यांचा दानधर्म, सगळं याच एका खांबावर उभं होतं.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भैया मंत्री झाले. खातं मिळालं विजेचं आणि पाण्याचं. गावागावांत खांब उभे राहू लागले. ताईंचं सासर गुढियारीत, माल धक्क्याच्या मागच्या गल्लीत. तिथला ट्रान्सफॉर्मर दर उन्हाळ्यात जळायचा आणि नळाला करंगळीएवढी धार यायची. ताईंचे यजमान शालिग्राम मेंढे मालगोदामात कारकून होते, जिभेनं तिखट. म्हणाले, "बत्तीमंत्र्याची सख्खी बहीण, अन् घरात मेणबत्ती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच बाप्पा." मग ताई एकदा बंगल्यावर गेल्या. लोकांच्या गर्दीत बसल्या, पाळी आली तेव्हा बोलल्या. भैया हसले.

"ताई, घरचे शेवटच्या पंगतीत. विसरली का?"

ताईही हसल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी भैयांनी तेच वाक्य जाहीर सभेत हिंदीत सांगितलं, बहिणीच्या अंधाऱ्या गल्लीसकट, आणि टाळ्यांचा पाऊस पडला. टाळी हे फार वाईट व्यसन. त्या दिवसापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून सुटेना. ताईंची गल्ली खरोखरच सगळ्यांत शेवटी उजळली, आणि गंमत अशी की याचा सगळ्यांत जास्त अभिमान ताईंनाच. नळावर बाया कुरकुरल्या की म्हणायच्या, "माया भाऊ घरच्याइले मांगं ठेवते. तसा मंत्री दाखवा दुसरा."

पुढे भैया निवडणूक हरले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. गूळ संपला, माशा उडाल्या. दुपारी रिक्षातून ताई उतरल्या, हातात झुणका-भाकरीचा डबा. "खाय बाबू. आता तरी निवांत जेवशील," म्हणाल्या.

भैयांनी मग धंदा धरला. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांना दिवसरात्र वीज हवी होती आणि कुठली तार कुठून कुठे जाते हे भैयांना पाठ होतं. आधी छोटं वीजघर, मग मोठं, मग कारखान्यांना पाणी पुरवायचं काम. मंत्रिपदावर जमवलेली ओळख धंद्यात कामी आली नाही असं कोण म्हणेल? पण त्यांनी चोरी केली असं त्यांचे वैरीसुद्धा म्हणत नसत. पैसा आला तसा त्यांनी दवाखान्यात ओतला. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर बहिणीनं केव्हाच भांडून आपलं काम करून घेतलं असतं.

डॉक्टर स्नेहल बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता.

"छातीत गाठ आहे, सर. जुनी आहे. आता हाडांत आणि फुफ्फुसांत पसरली आहे." त्या जरा थांबल्या. "सुरुवातीलाच उपचार झाले असते तर चांगल्या झाल्या असत्या. आता आपण फक्त त्रास कमी करू शकतो. दिवाळी दिसेल का, सांगवत नाही."

भैयांचा आवाज चढला. "अरे, माझ्या बहिणीला दवाखाना नव्हता का? एवढा बांधून ठेवलाय तो कोणासाठी?"

दारात एक वयस्क नर्स उभी होती. ती चाचरत बोलली, "सर, माताजी तो आती थीं। होली के बाद से कई बार आईं। नंबर लेकर बैठती थीं, और जब बारी आती तो किसी और को दे देती थीं। कहती थीं, ये दूर से आई है, इसकी गाड़ी छूट जाएगी, मैं तो घर की हूँ।" मग खाली बघत म्हणाली, "हमने सोचा, स्टाफ में किसी की माँ होंगी।"

भैया भिंतीला हात लावून उभे राहिले.  

आत ताई उशीला टेकून बसल्या होत्या. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिल्यामुळे चेहरा जरा निवला होता.

"ताई, मले काहून नाही सांगितलं?"

"सांगणारच होती. पंगत उठाची वाट पाहून राहिली होती." त्या हसल्या. "किती लोक येतात रे तुया दवाखान्यात. लेकरं घेऊन, म्हाताऱ्याइले पाठीवर घेऊन. मायं तं पाहूनच पोट भरे."

"आईची पंगत उठत होती, ताई. ही कधीच उठत नाही. उद्या पुन्हा तेवढेच येतात."

ताईंनी जरा वेळ विचार केला. "हव. ते माया ध्यानात नाही आलं," त्या म्हणाल्या. जणू मीठ टाकायचं राहून गेलं होतं, इतक्या सहज.

भैयांनी त्यांचा हात धरला. मग न राहवून लहान मुलासारखं बोलून गेले, "आईच्या शेवटच्या पंगतीत सगळं राहत होतं. मले वाटलं, तसंच राहीन. देवी पुरवीन."

"देवी?" ताईंनी डोळे उघडून भावाकडे पाहिलं. "तुले खरंच माहीत नाही का बाबू? पहिली पंगत बसाच्या आधी आई एक पातेलं भरे, अन् मी ते जात्यामांगं झाकून ठेवो. तुयासाठी. नाही तं एवढं गाव जेवल्यावर काय राहते? खरवड राहते."

"पण मी म्हणो देवीनं भरलं…"

"हव ना. आई म्हणे, म्हणू दे, लहान आहे."

 बाहेर काउंटरवर पुढचा नंबर पुकारल्याचा आवाज आला. भैयांच्या मनात आपलं सगळं आयुष्य उलटं फिरून उभं राहिलं. आईनं घरच्यांना मागे ठेवलं, पण त्यांचं आधी काढून ठेवलं होतं. यांनी अर्धाच नियम उचलला, तोच संगमरवरावर कोरला, आणि त्याखाली स्वतःचं नाव घातलं.

"तू जेवला का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मंग घरी जाय. तांदळाच्या पिपामांगं पाहाय. तुयं ठेवलं आहे." आणि डोळे मिटता मिटता म्हणाल्या, "कढी सांडली नाही ना?"

घरी शेवटची पंगत तशीच राहिली होती. पाहुणे ओशाळून निघून गेले होते. भैया थेट स्वयंपाकघरात गेले आणि गुडघे दुखत असताना पिपामागे वाकले. तिथे पातेलं होतं, ताटलीनं झाकलेलं, वर वजन म्हणून खलबत्ता ठेवलेला. आत केळीच्या पानाच्या तुकड्यावर पुरणपोळ्या, पाटवड्या, एका वाटीत आंबील, एका वाटीत भाजी.

सून राधिका मागे येऊन उभी राहिली. "ये तो बुआजी हर साल रखती हैं, बाबूजी. आप आख़िर में बैठते हो तो इसीमें से परोसती हैं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

दर साल शेवटच्या पंगतीत बसलेल्या भैयांचा फोटो हिंदी पेपरात यायचा, भरल्या ताटासकट. साधेपणाचं कौतुक व्हायचं. त्या ताटामागे कुणाचा हात होता, हे पेपरवाल्यांना ठाऊक नव्हतं आणि भैयांनाही नव्हतं.

त्यांनी पातेलं तसंच उचललं. "बाबूजी, गरम करून देते," राधिका म्हणाली, पण ते गाडीत जाऊन बसले होते. पंचाहत्तरीचा माणूस मांडीवर पातेलं धरून, दोन्ही हातांनी झाकण दाबून संध्याकाळच्या रहदारीतून हॉस्पिटलात आला. पायऱ्या चढताना पाटीसमोरून गेला, पण तिकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

ताई जाग्या होत्या. पातेलं पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इथं काहून आणलं? हे तुयं आहे."

"पंगत उठली, ताई. आता तू बस."

"मले नाही जात रे. तू खाय. तुयासाठी ठेवलं मी."

भैयांनी पोळीचा लहानसा तुकडा मोडला, आंबिलीत भिजवून मऊ केला आणि ताईंच्या ओठांशी नेला. 

"खाय ना, ताई," ते म्हणाले. "तुयासाठी मी काहीच ठेवलं नाही. मायाजवळ हेच आहे, तूच ठेवलेलं."

ताईंनी भावाकडे बराच वेळ पाहिलं, आणि तोंड उघडलं.